रुझवेल्ट, न्यू जर्सी: सहकार बुडाला, गाव राहिलं

न्यू जर्सीत चार-सहा महिने जरी काढले असतील तरी हा गोंधळ तुमच्या ओळखीचा असेल. गाडी दहा मिनिटं चालवली की तीन गावांच्या पाट्या येऊन जातात. एक म्हणते 'टाउनशिप', दुसरी म्हणते 'बरो', तिसरी नुसतंच 'टाउन'. प्रत्येकाचा मेयर वेगळा, कचऱ्याचे दिवस वेगळे, प्रॉपर्टी टॅक्सचा दर वेगळा. एवढ्याशा राज्यात आज ५६४ नगरपालिका आहेत. प्रिन्स्टनचं तर २०१२ संपेपर्यंत असं होतं की मध्ये प्रिन्स्टन बरो आणि त्याच्या भोवती प्रिन्स्टन टाउनशिप. मेदूवडा डोळ्यांसमोर आणा. भोक म्हणजे बरो, वडा म्हणजे टाउनशिप. २०१३ मध्ये दोन्ही एक झाले तेव्हा कुठे हा प्रकार मिटला.

बरो हा तिथल्या कायद्यातला नगरपालिकेचा एक प्रकार. साधारणपणे थेट निवडून दिलेला एक मेयर आणि सहा जणांचं कौन्सिल, बस. इतके बरो झाले कसे, याचं एक मोठं कारण म्हणजे १८९४ सालचा शाळांचा कायदा. त्याने टाउनशिपमधल्या सगळ्या शाळा एकाच कारभाराखाली आणल्या, म्हणजे आपल्या करातून पलीकडच्या वस्तीतली शाळा चालणार. वेगळा बरो काढला तर मात्र शाळा वेगळी ठेवता येत होती. मग काय, एकट्या बर्गन काउंटीत त्या एका वर्षात २६ बरो जन्माला आले! या साथीला 'बरोआयटिस' असं नावच पडलं, टॉन्सिलायटिससारखं.

थोडक्यात, न्यू जर्सीतले बरेच बरो 'आमचा पैसा आमच्याच पोरांवर' या तत्त्वावर उभे आहेत. आज ज्या बरोबद्दल लिहितोय तो मात्र नेमक्या उलट्या विचारातून आला. सगळं एकत्र कमवायचं, एकत्र पिकवायचं आणि एकत्र विकायचं, असा तो विचार. नाव रुझवेल्ट, मूळ नाव जर्सी होमस्टेड्स. मॉनमथ काउंटीच्या पश्चिम टोकाला, न्यूयॉर्कपासून साधारण पन्नास मैलांवर. ईस्ट विंडसर, प्लेन्सबरोला राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर हाकेच्या अंतरावर. २०२० च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ८०८. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं असतात.

आता थोडं मागे जाऊ. १९३३. मंदी ऐन भरात. रुझवेल्ट (फ्रँकलिन, थिओडोर नव्हे) नुकतेच अध्यक्ष झालेले. त्यांच्या 'न्यू डील'च्या एका कायद्यात अडीच कोटी डॉलर बाजूला काढले होते, ते शहरातल्या बेकार कामगारांना थोडी जमीन आणि एक घर देऊन गावाकडे वसवण्यासाठी. या आणि अशाच योजनांतून देशभर शंभरेक वसाहती झाल्या. त्यातल्या बहुतेकांची कल्पना साधी होती: परसात भाजीपाला लावा, कोंबड्या पाळा, जवळपास कुठे नोकरी मिळाली तर करा.

बेंजामिन ब्राऊन नावाच्या गृहस्थाची कल्पना याहून बरीच मोठी होती. हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे. युक्रेनमधून आलेला ज्यू. १९११ मध्ये त्याने युटाच्या वाळवंटी भागात क्लॅरियन नावाची ज्यू शेतकऱ्यांची वसाहत काढली. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कचे कारखान्यात राबणारे लोक, ज्यांनी आयुष्यात नांगर धरला नव्हता, ते तिथे गेले. पाणी पुरेना. पाचेक वर्षांत सगळं संपलं. ब्राऊन मात्र युटातच थांबला आणि त्याने तिथल्या शेतकऱ्यांची अंडी आणि कोंबड्या विकणारी सहकारी संस्था बांधली, ती जोरात चालली. १९२९ मध्ये तो सोव्हिएत रशियातल्या बिरोबिजान इथे, म्हणजे स्टालिनच्या सरकारने ज्यूंसाठी आखलेला प्रदेश पाहायला गेलेल्या अमेरिकन तुकडीतही होता. ही शेवटची गोष्ट पुढे विरोधकांच्या फार उपयोगी पडली.

तर ब्राऊनचा आराखडा असा. न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यांत काम करणारी दोनशे ज्यू कुटुंबं घ्यायची. प्रत्येकाने पाचशे डॉलर भरायचे. बाराशे एकरांहून जास्त जमीन घ्यायची. त्यावर एक सहकारी कारखाना काढायचा, बायकांचे कोट शिवण्याचा. एक सहकारी शेत. आणि एक सहकारी दुकान. कपड्यांच्या धंद्यात वर्षातले कित्येक महिने काम नसतं, तेव्हा लोकांनी शेतावर राबायचं. शेतावरचं दूध-भाजी दुकानात यायची, दुकानाचा नफा पुन्हा सगळ्यांचाच. कारखाना, शेत, दुकान असे तीन पाय. कोटांवर जे लेबल लावलं त्याचं नावही 'ट्रायपॉड'!

आमच्या धंद्यात असं डिझाईन कोणी रिव्ह्यूला आणलं तर पहिला प्रश्न येईल की यातलं एक मॉड्यूल पडलं तर बाकीच्यांचं काय? तिपाईचा एक पाय मोडला तर ती दोन पायांवर उभी राहत नाही. पण १९३३ मध्ये पाचशे डॉलर भरणाऱ्या शिंप्याला हा प्रश्न पडला नाही, यात नवल नाही. पाचशे डॉलर ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारतीतल्या दोन खोल्या, त्यात चार-पाच माणसं आणि हंगाम संपला की कामाची वाट बघणं. त्याच्यासमोर कोणी अर्धा एकर जमीन, स्वतंत्र घर आणि स्वतःच्या मालकीचा कारखाना ठेवला तर तो डिपेन्डन्सी डायग्राम काढत बसणार नाही.

सरकारने पाच लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि विरोध सुरू झाला. स्थानिक लोक आणि काही वर्तमानपत्रं यांना हा थेट कम्युनिस्टांचा अड्डा वाटला (बिरोबिजान!). पण सगळ्यात अवघड विरोध आला तो घरातूनच. बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची जबरदस्त युनियन होती आणि तिचे अध्यक्ष डेव्हिड डुबिन्स्की स्वतः ज्यू, स्वतः स्थलांतरित. त्यांचं म्हणणं असं की आम्ही इतकी वर्षं झगडून न्यूयॉर्कमध्ये मजुरीचे दर मिळवले, आणि आता मालक लोक कारखाने उचलून खेड्यात नेतायत, युनियन चुकवायला. सरकारी पैशाने आणखी एक कारखाना शहराबाहेर गेला तर आम्ही कोणत्या तोंडाने बाकीच्यांना अडवायचं? मला विचाराल तर डुबिन्स्कींचा मुद्दा चुकीचा नव्हता. ब्राऊनचाही नव्हता. कामगारांच्या भल्याच्या दोन कल्पना समोरासमोर आल्या की असं होतं. जवळच प्रिन्स्टनला येऊन राहिलेल्या आइनस्टाईननेही आपलं वजन या योजनेच्या पारड्यात टाकलं होतं. अखेर अटी घालून युनियनने मान्यता दिली, पण तोवर बराच वेळ गेला होता.

त्यात बांधकामाची तऱ्हा. घरं स्वस्तात आणि भराभर व्हावीत म्हणून काँक्रीटच्या तयार भिंती जागेवरच ओतायचा कारखाना काढला. प्रयोग फसला. मग योजना वॉशिंग्टनमध्ये रेक्सफर्ड टगवेल यांच्या नव्या खात्याकडे गेली आणि साध्या काँक्रीट ब्लॉकच्या भिंती ठरल्या. बेकारांना काम द्यायचं हाही उद्देश असल्यामुळे मजुरांची संख्या भरपूर आणि वेग कमी. शेवटी एकूण खर्च तीस लाख डॉलरच्या वर गेला. सुरुवातीच्या अंदाजाच्या सहापट! एस्टिमेशनवरून रोज बोलणी खाणाऱ्या वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा :)

पण घरं मात्र काय घरं होती! आर्किटेक्ट आल्फ्रेड कास्टनर हा जर्मन, आणि युरोपातल्या त्या वेळच्या नव्या शैलीत मुरलेला. सपाट छपरं, पांढऱ्या साध्या भिंती, मोठ्या खिडक्या, नक्षीचा मागमूस नाही. आजूबाजूला लाल कौलारू कोठारं आणि बटाट्याची शेतं, आणि त्यात मध्येच बाऊहाउसची दोनशे घरं. कास्टनरच्या हाताखाली पस्तिशीतला, मंदीमुळे सरकारी नोकरीत आलेला एक आर्किटेक्ट काम करत होता. त्याचं नाव लुई कान. होय, तोच, ज्याने पुढे अहमदाबादच्या आयआयएमची विटांची इमारत आणि ढाक्याची संसद उभी केली. आयआयएमच्या त्या भव्य कमानी डोळ्यांसमोर ठेवून इथली घरं शोधायला जाल तर निराश व्हाल. इथे आहेत ती एका मजल्याची, बसकी, काटकसरी घरं. सपाट छपरं गळायची, ही तक्रार पहिल्यापासूनची. पुढे काहींनी वर उतरती छपरं चढवली. पण एक गोष्ट त्या आराखड्यात फार चांगली होती. घरं ओळीत नाहीत, रस्ते वळत जातात आणि घरांच्या मागे मोकळी हिरवळ आणि झाडी सोडलेली. मुलं रस्त्यावर न येता मागच्या मागे एकमेकांकडे जाऊ शकत. मुख्य रस्त्याचं नाव रॉचडेल अव्हेन्यू. इंग्लंडमधल्या ज्या रॉचडेल गावात १८४४ मध्ये विणकरांनी सहकारी दुकान काढलं, आणि जिथून आपल्याकडच्या भाषेत 'सहकार चळवळ' सुरू झाली असं मानतात, ते हे रॉचडेल.

जुलै १९३६ मध्ये पहिली कुटुंबं आली आणि ऑगस्टमध्ये कारखान्याचं उद्घाटन झालं. इथेच पहिली माशी शिंकली. कारखाना तयार होता, पण घरं अगदी थोडीच. घरं नाहीत म्हणून कामगार नाहीत, कामगार नाहीत म्हणून माल नाही. पहिल्या हंगामातच तोटा. शिवाय कोटांच्या धंद्यात फॅशन ओळखणं, गिऱ्हाईक धरणं, उधारी सांभाळणं या गोष्टी शिंप्याच्या नसतात, त्या मालकाच्या असतात. इथे सगळेच मालक आणि सगळेच शिंपी. उत्तम कोट शिवणारे दीड-दोनशे हात होते, कोट विकणारं डोकं नव्हतं. सरकारने आणखी पैसा घातला, तोही गेला. १९३९ मध्ये सरकारने हात वर केले आणि सहकारी कारखाना बंद झाला. त्या इमारतीत टोप्या बनवणारी एक खाजगी कंपनी भाड्याने आली आणि सहकारी मालक म्हणून आलेल्या काही जणांनी तिथे साधे कामगार म्हणून नोकऱ्या धरल्या. बरेच जण पुन्हा न्यूयॉर्कला कामाला जाऊ लागले. ज्या शहरातून सुटायला इथे आले, तिथेच रोज पन्नास मैल जायचं आणि पन्नास मैल यायचं.

शेताची गोष्ट आणखी बोलकी आहे. शेतमजुरी ही युनियनच्या शिवणकामाच्या दरापुढे काहीच नव्हती. मग कारखान्यात काम नसलं तरी शेतावर जायला कोण तयार होणार? सभासदांच्या शेतावर बाहेरून मजूर आणावे लागले. १९४० च्या सुमारास शेतही गेलं आणि दुकानाचंही तेच झालं. १९३९ मध्ये खुद्द ब्राऊन वारला. म्हणजे पहिलं कुटुंब आल्यापासून चारेक वर्षांत तिन्ही पाय मोडले.

न्यू डीलचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक इथे थांबतात. 'जर्सी होमस्टेड्स: अयशस्वी', पुढचा मुद्दा. मला मात्र खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो असं वाटतं. ज्या कारणासाठी लोक आले ते कारणच उरलं नाही, तर मग ते निघून का गेले नाहीत?

माझं उत्तर असं की सहकारी संस्था बुडायच्या आधी त्यांनी एक कंटाळवाणं, कागदी काम करून ठेवलं होतं. २९ मे १९३७ रोजी मिलस्टोन टाउनशिपमधून वेगळं होऊन जर्सी होमस्टेड्सचा बरो झाला. तेव्हा घरं सरकारच्या मालकीची होती, रहिवासी भाडेकरू होते. म्हणजे परिस्थिती मोठी मजेशीर: घरमालक वॉशिंग्टनमध्ये, पण मेयर, कौन्सिल आणि शाळा आपली. कारखाना बुडाला, तरी मंगळवारी-बुधवारी कुठली ना कुठली सभा होतीच. गटाराचं काय, शाळेच्या बजेटचं काय, भाडं वाढवलं तर वॉशिंग्टनला पत्र कोण लिहिणार. आणि हे लोक म्हणजे आयुष्यभर युनियनच्या बैठकांत तावातावाने बोललेले. समाजवादी, कम्युनिस्ट, अराजकतावादी, झायोनिस्ट, देव मानणारे, न मानणारे, सगळे यिडिशमध्ये भांडणारे. कोट विकायला हा गुण नडला असेल, पण नगरपालिका चालवायला तो कामाचा ठरला. भांडायला एक ठरलेली जागा होती आणि भांडून झाल्यावर मतदान होतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने घरं राहणाऱ्यांनाच विकली, तोवर ते गाव त्यांचं झालेलंच होतं.

दुसरी गोष्ट शाळेची. आणि इथे बेन शान येतो.

बेन शान १८९८ मध्ये लिथुआनियातल्या कौनासला जन्मला, आठव्या वर्षी अमेरिकेत आला. चित्रकार, फोटोग्राफर, आणि पक्का डावा. सॅको आणि व्हँझेटी या फाशीऐवजी विजेच्या खुर्चीत बसवलेल्या दोन इटालियन अराजकतावाद्यांवरची त्याची १९३१-३२ ची चित्रमालिका गाजली. रॉकफेलर सेंटरमध्ये डिएगो रिव्हेराने काढलेलं आणि लेनिनचा चेहरा असल्यामुळे मालकांनी फोडून टाकलेलं ते प्रसिद्ध भित्तिचित्र, त्यावर हा मदतनीस होता. टगवेलच्या खात्याने त्याला जर्सी होमस्टेड्सच्या सामाजिक सभागृहाची, म्हणजे आजच्या शाळेची, भिंत दिली. १९३७-३८ मध्ये बायको बर्नार्डा ब्रायसन हिच्या मदतीने त्याने ती रंगवली. सुमारे ४५ फूट लांब, १२ फूट उंच. ओल्या गिलाव्यावर, रिव्हेराकडे शिकलेल्या पद्धतीने.

चित्र डावीकडून उजवीकडे वाचायचं. सुरुवातीला नाझी शिपाई आणि ज्यूंकडून खरेदी करू नका असं सांगणारी पाटी. मग बोटीतून उतरलेल्या माणसांचा लोंढा, आणि त्याच्या पुढच्या रांगेत आइनस्टाईन. त्या लोंढ्यात शानने आपल्या आईलाही उभं केलंय. शेजारीच सॅको आणि व्हँझेटीच्या शवपेट्या, म्हणजे ज्या देशात हे लोक उतरतायत तो काय करू शकतो याची आठवण. पुढे कोंदट खोल्यांत शिवणयंत्रावर वाकलेली माणसं, युनियनची सभा, आणि शेवटी रुझवेल्टच्या पोस्टरखाली एका टेबलाभोवती बसलेले लोक. त्यांच्यासमोर या गावाचाच नकाशा पसरलेला आहे.

सरकारी इमारतीत, सरकारी पैशाने, ही शवपेटी रंगवायला मिळाली याचं मला आजही आश्चर्य वाटतं. चित्र पुरं झालं तेव्हा कारखान्याला घरघर लागलेली होती. म्हणजे ज्या नकाशापाशी चित्र संपतं त्यातलं निम्मं लवकरच नाहीसं होणार होतं. आणि नेमकं तेव्हाच, १९३९ मध्ये, शानने तिथलंच एक घर भाड्याने घेतलं! स्वस्त भाडं, मोठ्या खिडक्या, वादाला तयार शेजारी, चित्रकाराला आणखी काय हवं? १९६९ मध्ये मरेपर्यंत तो तिथे राहिला. त्याच्या मागोमाग ग्रेगोरिओ प्रेस्टोपिनो, जेकब लँडाऊ, डेव्हिड स्टोन मार्टिन असे चित्रकार आणि एडविन आणि लुईझ रॉसकम हे फोटोग्राफर दांपत्य आलं. शिंप्यांचं गाव हळूहळू शिंपी आणि चित्रकारांचं झालं. यातल्या एडविन रॉसकमने १९७२ मध्ये या गावावर एक पुस्तकही लिहिलं. बर्नार्डा २००४ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी वारली.

नाव बदललं ते १९४५ मध्ये. एप्रिलमध्ये अध्यक्ष रुझवेल्ट गेले आणि नोव्हेंबरमध्ये बरोने त्यांचं नाव घेतलं. १९६२ मध्ये शाळेजवळ त्यांचा पुतळा बसवला, शानच्या मुलाने, जोनाथनने घडवलेला. उद्घाटनाला एलिनॉर रुझवेल्ट स्वतः आल्या होत्या, त्यांच्या आयुष्यातलं ते शेवटचं वर्ष. १९८३ मध्ये संपूर्ण वसाहत अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेली.

हे सगळं वाचून गाव म्हणजे एक गोड संग्रहालय झालंय असं वाटेल, तर तसं नाही. ज्यूंनी वसवलेल्या या गावात २००० च्या दशकात गावच्याच सिनेगॉगमध्ये येशिवा, म्हणजे धर्मशिक्षणाची निवासी शाळा, चालवायची की नाही यावरून मोठी जुंपली. मूळ रहिवाशांपैकी कितीतरी जण देव न मानणारे होते, हे लक्षात घेतलं तर ते अगदीच अनपेक्षित नव्हतं. आणि खरी चिंता आहे ती शाळेची. पाचवीपर्यंतची शाळा, मुलं शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पुढच्या वर्गांसाठी मुलं ईस्ट विंडसरच्या शाळांत जातात. दुकान-कारखाना काही नाही, म्हणजे शाळेचा जवळपास सगळा बोजा घरांच्या टॅक्सवर. २००० मध्ये ९३३ लोक होते, २०१० मध्ये ८८२, २०२० मध्ये ८०८. भोवतालची शेतजमीन बिल्डरला दिली तर मुलं वाढतील, टॅक्सही वाटला जाईल. पण मग ती मागची हिरवळ, तो मोकळेपणा गेला. गावाने आतापर्यंत बहुतेक जमीन मोकळी राखायच्या बाजूने कौल दिलाय आणि त्याची किंमत दरवर्षीच्या टॅक्सच्या बिलात मोजतंय.

न्यू जर्सीत असाल आणि एखादा शनिवार रिकामा असेल तर टर्नपाईकच्या आठ नंबरच्या एक्झिटला उतरा. हाइट्सटाउनवरून ५७१ नंबरच्या रस्त्याने गेलात की तोच रस्ता पुढे रॉचडेल अव्हेन्यू होतो. घरं बाहेरूनच बघा, लोक राहतात तिथे. आणि भित्तिचित्र बघायचं असेल तर शनिवार सोडून द्या. ते चालू शाळेत आहे, आधी शाळेला फोन करून विचारा आणि मधल्या वारी सुट्टी काढून जा.